ताळा जुळेना

आमच्या हायस्कुलाच्या वाट्याला दहा कॉम्प्युटर आले ते एका बँकेच्या कृपेनं. बँकेनं शाखा नव्यानं सजवली आणि जुनी मशिनं आम्हाला दिली, हार-नारळासकट. चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, चार जीबी रॅम आणि दोघा-तिघांच्या पोटात उंदराच्या लेंड्या. शिपाईदादांनी त्या झाडून काढल्या आणि तेव्हापासून मशिनं बिनतक्रार चालत होती. मी गणिताची शिक्षिका. कॉम्प्युटरची खोली माझ्याकडे आली ती "बाई, तुम्हाला आकडे कळतात" एवढ्याच पात्रतेवर.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज टेनचा आधार संपणार हे वर्षभर कानावर येत होतं. विंडोज इलेव्हनला साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सोय लागते. आमच्याकडे दोन्हींचा पत्ता नाही. हेडसरांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "चालतंय ना? मग चालू द्या." पण मुलं त्या मशिनांवर शिष्यवृत्तीचे फॉर्म भरतात, पालकांचे आधार क्रमांक टाकतात. दार कायमचं उघडं ठेवून झोपायला माझं मन घेईना. मग मी एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. तो पुण्यात सर्व्हर सांभाळायचं काम करतो. दहावीला त्याला गणितात मी किती मार्क दिले होते ते तो अजून ऐकवतो.

"बाई, लिनक्स मिंट टाका," तो म्हणाला. "एक्सएफसीई आवृत्ती घ्या, चार जीबीत मजेत चालेल. फुकट आहे. आयएसओ फाइल उतरवा, पेनड्राइव्हवर चढवा, दिवाळीच्या सुट्टीत होऊन जाईल." शेवटी त्यानं आणखी एक वाक्य टाकलं होतं, "आणि हॅश तपासून घ्या." ते मी ऐकलं आणि सोडून दिलं. डॉक्टर गोळ्या लिहून देतात आणि जाता जाता भरपूर पाणी प्या म्हणतात, तसलं काहीतरी असेल असं मला वाटलं.

आयएसओ म्हणजे अख्खी डिस्क एका फाइलीत गुंडाळलेली. तीन जीबीला थोडी कमी. आमच्या वाडीत फायबर नाही, मोबाइलचा डेटा दिवसाला दीड जीबी. तो संपला की वेग असा बसतो की व्हॉट्सअॅपवरचं फूलसुद्धा पाकळी-पाकळीनं उमलतं. मी हिशेब केला. रात्री अकराला सुरू केलं तर आजचा दीड जीबी बारापर्यंत संपेल, बारानंतर उद्याचा दीड मिळेल. वसुबारसेच्या रात्री फोन माडीच्या खिडकीत टांगला, कारण रेंज तिथंच येते, आणि खाली लॅपटॉप लावून बसले. दोनदा डाउनलोड मध्येच थांबलं. दोनदा मी 'पुढे चालू' दाबलं. पहाटे साडेतीनला फाइल पूर्ण झाली तेव्हा चकल्यांची भाजणी भिजवायचं राहून गेलं होतं.

सकाळी शिपाईदादांकडून किल्ली घेतली आणि शाळेत गेले. दहातलं एक मशिन ऑफिसात भाऊसाहेबांच्या टेबलावर असतं. निकालपत्रकं, हजेरी, पगारपत्रकं सगळं त्यात. त्याची यूएसबीची भोकं शाबूत होती म्हणून काम तिथंच करायचं ठरवलं. लॅपटॉपवरची फाइल एका पेनड्राइव्हनं त्यात उतरवली, रुफस नावाच्या छोट्या प्रोग्रॅमनं दुसऱ्या पेनड्राइव्हवर चढवली, आणि तो पेनड्राइव्ह कॉम्प्युटर खोलीतल्या पहिल्या मशिनला लावला. मिंटचा हिरवा पडदा आला. छान वाटलं. इन्स्टॉल सुरू केलं, पट्टी अर्ध्याच्या पुढे सरकली आणि थांबली. संदेश असा की मजकूर वाचता येत नाही, चकती किंवा डिस्क खराब असू शकेल. दुसऱ्या मशिनवर लावून पाहिलं. तिथं पट्टी वेगळ्याच ठिकाणी अडली.

पुण्याला फोन.

"बाई, ताळा पाहिलात का?"

तो मुद्दामच तो शब्द वापरत होता. सत्तावीस वर्षं मी पोरांच्या वह्या तोंडावर धरून हेच विचारत आले आहे: गुणाकार केलास, ताळा पाहिलास का? नवांचा ताळा आता पुस्तकातून गेला, मी शिकवते. २३४७ घ्या. दोन, तीन, चार, सात मिळून सोळा, एक आणि सहा सात. या आकड्याचा ताळा सात. गुणल्या जाणाऱ्या दोन आकड्यांच्या ताळ्यांचा गुणाकार आणि उत्तराचा ताळा जुळला नाही, तर उत्तर नक्की चुकलेलं. जुळला तर बहुधा बरोबर. हा 'बहुधा' मुलांना शिकवायला फार अवघड जातो.

त्याची खोड माझे वडील सांगायचे. ते एका किराणा पेढीवर दिवाणजी होते. रात्री किर्दीचा मेळ बसला नाही की आधी फरक नवानं भागून बघायचे. भाग गेला की म्हणायचे, "कुठंतरी आकडा उलटा पडलाय." ७२ च्या जागी २७ लिहिले की फरक ४५, त्याला नवानं भाग जातो. हीच गोष्ट ताळ्याच्या मुळावर येते. २३४७ आणि २३७४, दोन्हींचा ताळा सातच. अंकांची अदलाबदल नवांच्या ताळ्याला दिसतच नाही. मुळात त्याची उत्तरं नऊच. डोळे मिटून चुकलेलं उत्तरसुद्धा नवातून एकदा पास होतं.

पुण्याच्या त्या पोरानं मला फोनवर जे सांगितलं ते मी नंतर वहीत मांडून काढलं, कारण फोनवर सगळं पटलं तरी कळलं नव्हतं. फाइल केवढीही असो, तिच्यातल्या प्रत्येक बिटाला घुसळून शेवटी ठराविक लांबीचा आकडा काढायचा, तो हॅश. मिंटवाले शा-२५६ वापरतात. ही रीत अमेरिकेच्या एनएसएनं रचली आणि तिथल्या मानक संस्थेनं २००२ साली प्रमाणित केली. उत्तर २५६ बिटांचं, म्हणजे सोळाच्या पायावर लिहिलं तर चौसष्ट अक्षरं: शून्य ते नऊ आणि ए ते एफ. नवांच्या ताळ्याला नऊ उत्तरं, याला किती? आपल्या दशमानात लिहिलं तर ७८ अंकी संख्या. आणि आकडा उलटा पडला तर? लहानशा फाइलीत 'आंबा' लिहून मी हॅश काढला, पुढे एक टिंब दिलं आणि पुन्हा काढला. दोन उत्तरांत काडीचं साम्य नाही. एक बिट हलला की सुमारे निम्मे बिट पालटतात, आणि कुठले ते आधी सांगता येत नाही.

वडिलांना हे दाखवायला हवं होतं.

जुन्या रीतींचं मात्र वय झालं आहे. एमडी-५ रॉन रिव्हेस्ट यांनी १९९१ साली रचली, बत्तीस अक्षरांची. २००४ मध्ये वांग शियाओयुन या चिनी गणितज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन वेगवेगळे मजकूर एकाच एमडी-५ चे करून दाखवले. शा-१ चं तसंच २०१७ मध्ये झालं. मी हे स्टाफरूममध्ये सांगितलं तेव्हा कुणाला विशेष वाटलं नाही. मला वाटलं. गणिताच्या पुस्तकात बाईचं नाव शोधायला गेलं की पानंच्या पानं उलटावी लागतात.

असो. विंडोजमध्ये हॅश काढायला वेगळं काही घ्यावं लागत नाही. काळी खिडकी उघडायची, सर्टयूटिल, मग हॅशफाइल, मग फाइलचं नाव, शेवटी शा-२५६. ऑफिसच्या मशिननं पाऊण मिनिट घेतलं आणि चौसष्ट अक्षरं ओकली. मिंटच्या संकेतस्थळावरची चौसष्ट अक्षरं मी आधीच वहीत उतरवून आणली होती. पहिलंच अक्षर वेगळं. पुढची सगळी वेगळी.

कारण मला लगेच सापडलं: रेंज. दोनदा तुटलं होतं, तिथं सांधा नीट बसला नसणार. मी मोबाइल कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन करून पंधरा मिनिटं भांडले. पलीकडची मुलगी बिचारी "मॅडम, आपला टॉवर सुरळीत आहे" एवढंच म्हणत राहिली.

धनत्रयोदशीच्या दिवशी एसटीनं चिपळूणला गेले. भाच्याकडे फायबर आहे. तिथं तीच फाइल दहा मिनिटांत उतरली. त्याच्या पेनड्राइव्हवर घेतली, फराळाच्या डब्यासोबत पिशवीत टाकली, दुसऱ्या दिवशी शाळेत. भाऊसाहेबांच्या मशिनवर कॉपी, सर्टयूटिल, पाऊण मिनिट. पुन्हा वेगळा. वहीतल्या आकड्याशी नाही, आणि आदल्या चुकीच्या आकड्याशीही नाही. फाइलचा आकार मात्र बाइटबरहुकूम बरोबर.

आता दोष पेनड्राइव्हचा. स्वस्तातला होता. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान उरकून मी शाळेत हजर. शिपाईदादा म्हणाले, "बाई, आज तरी नको." मी माझा स्वतःचा, चांगल्यातला पेनड्राइव्ह नेला होता. त्यावर भाच्याकडची फाइल शेजारच्या दुकानातल्या मशिनवरून कॉपी करून घेतली होती. भाऊसाहेबांच्या मशिनवर कॉपी. हॅश. तिसरा चुकीचा आकडा.

इथं मी एक गोष्ट केली आणि ती का केली ते मला अजून सांगता येणार नाही. मुलगा गणित चुकला की मी त्याला म्हणते, पुन्हा कर, बघू दोन्ही वेळा तेच येतं का. त्या सवयीनं मी वरचा बाण दाबला आणि तीच आज्ञा त्याच फाइलीवर पुन्हा चालवली. मधे काहीही केलं नव्हतं. कॉपी नाही, डाउनलोड नाही, पेनड्राइव्ह काढलेलाही नाही. चौथा आकडा आला. तिसऱ्याहून वेगळा.

पुन्हा चालवली. पाचवा.

खुर्चीवर मागे टेकून बसले. दोन अधिक दोन विचारावं आणि मशिननं एकदा चार म्हणावं, एकदा सात. चुकीचं उत्तर आलं तर आपण गणितात चूक शोधतो. एकाच गणिताची दोन उत्तरं आली तर गणित करणाऱ्याकडे बघावं लागतं.

पुण्याच्या पोरानं हे ऐकून शीळ घातली. "बाई, तुमची पाटीच फुटकी आहे. रॅम." त्यानं जे समजावलं ते असं: मशिनच्या रॅममधल्या काही पेशी लिहिलेलं जसंच्या तसं धरून ठेवत नसतील. रोजच्या कामाला, दोन पत्रं आणि एक तक्ता, मेमरीचा तो कोपरा वापरातच येत नाही. तीन जीबीची फाइल वाचायला घेतली की मेमरी काठोकाठ भरते आणि त्या कोपऱ्यातून जाणारे बाइट बिघडून बाहेर पडतात. कॉपी करताना बिघडतात, रुफस चालवताना बिघडतात, हॅश काढतानाही बिघडतात. "अधूनमधून निळा पडदा येतो का?" त्यानं विचारलं. येत होता. भाऊसाहेब त्याला व्होल्टेज म्हणायचे आणि टेबलावर थाप मारायचे.

त्यानं मेमटेस्ट-८६-प्लस पाठवलं, जेमतेम काही एमबीचं. या खेपेला मी ते लॅपटॉपवरून पेनड्राइव्हवर चढवलं. मशिन त्याच्यावरून सुरू केलं. ते मेमरीच्या प्रत्येक घरात काहीतरी लिहितं, परत वाचतं, जुळतं का बघतं. हाही ताळाच. बराच वेळ काही नाही. मी फराळाचा डबा उघडला. वीसएक मिनिटांनी पडद्याच्या तळाशी एक लाल ओळ आली, मग लाल ओळींची रांग लागली. पत्ते सगळे वरच्या बाजूचे.

आत दोन-दोन जीबीच्या दोन पट्ट्या. त्या काढून सोनेरी कडा खोडरबरानं घासायच्या, हा उपाय मला आमच्या टीव्हीवाल्यानं पूर्वी शिकवला होता आणि खोडरबर तर माझ्या पर्समध्ये कायम असतं. घासल्या, लावल्या, पुन्हा लाल. मग एक पट्टी काढून दुसरी एकटी लावली, नंतर उलट. एक अगदी निर्दोष निघाली. दुसरीनं पाचव्या मिनिटाला लाल रांग काढली.

घरी आले आणि लॅपटॉपवर पडून असलेल्या पहिल्या फाइलीचा हॅश काढला. वसुबारसेच्या रात्रीची, माडीच्या खिडकीतून आलेली, दोनदा तुटलेली. वही पुढ्यात घेतली आणि एकेक अक्षर जुळवत गेले. जुळलं, जुळलं, जुळलं, आणि एकेचाळिसावं अक्षर फसलं. वहीत सहा, पडद्यावर बी. पुढची सगळी जुळली.

निराश होऊन फोन केला, तर तो हसायलाच लागला. "बाई, चौसष्टातलं एकच अक्षर चुकलं असं फाइलीच्या बाबतीत होतच नाही. फाइल बिघडली तर सगळा आकडा बिघडतो. एकच चुकलं म्हणजे उतरवणाऱ्याची चूक." संकेतस्थळ उघडून पाहिलं. तिथं बी होता, इंग्रजी लहान लिपीतला. घाईत काढलेला माझा बी सहासारखा दिसतो. मुलांच्या वहीत असल्या अक्षराचा मी अर्धा मार्क कापते.

म्हणजे फाइल पहिल्या रात्रीपासून बरोबर होती. चिपळूणची एसटी, भाच्याचं फायबर, नवा पेनड्राइव्ह, त्या मदत क्रमांकावरच्या मुलीशी भांडण, सगळं फुकट. तिला परत फोन करून सॉरी म्हणावं असं वाटलं, पण पुन्हा तीच कशी मिळणार?

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेता येईना. भाऊसाहेबांच्या त्याच मशिनवर प्रथम सत्राचे निकाल टाइप झाले होते. एखादा बिट मार्कांच्या तक्त्यातही उलटला असेल तर? चारातला योग्य बिट उलटला तर पाच होतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी मी आठवी-नववीच्या मूळ गुणपत्रिकांचे गठ्ठे घरी आणले आणि छापील निकालाशी एकेक मार्क ताडून पाहिला. बिटाची चूक एकही निघाली नाही. माझ्या बेरजेच्या दोन निघाल्या. त्या मी गुपचूप दुरुस्त केल्या, आणि हे पहिल्यांदाच कुठं सांगते आहे.

फाइल जुळली, आता चढवू या, असं मी म्हटलं तर पोरगा म्हणाला, "जुळली कशाशी?"

"संकेतस्थळावरच्या आकड्याशी."

"आणि फाइल कुठून घेतलीत? तिथूनच ना?"

मग त्यानं २०१६ सालची गोष्ट सांगितली. २० फेब्रुवारी २०१६ ला मिंटच्याच संकेतस्थळात कुणीतरी घुसलं. १७.३ सिनॅमन आवृत्तीच्या डाउनलोडचा दुवा बदलून तो दुसऱ्याच सर्व्हरवरच्या फाइलीकडे वळवला. ती फाइल दिसायला मिंटच, पण आत चोरदरवाजा ठेवलेला. प्रकल्पाचे प्रमुख क्लेमंट लेफेव्र यांनी दुसऱ्या दिवशी जाहीर सांगितलं आणि खऱ्या फाइलींचे हॅश दिले, म्हणजे लोकांना आपापली फाइल पडताळता यावी. दुकानात शिरून माल बदलणाऱ्याला मालाशेजारची पाटी बदलायला किती वेळ लागतो? हॅश रेंजची चूक पकडतो, रॅमची पकडतो, माझ्या हाताची पकडतो. माल आणि पाटी दोन्ही बदलणाऱ्याला तो पकडू शकत नाही.

दिवाणजींच्या घरात वाढल्यामुळे हे मला चटकन कळलं. त्यांच्या पेढीवर एका गुमास्त्यानं वर्षभर गल्ल्यातून पैसे काढले होते आणि किर्दीचा मेळ रोज चोख बसत होता. कारण किर्द तोच लिहायचा.

बोर्डाच्या परीक्षेला आम्ही काय करतो? प्रश्नपत्रिकांचं सीलबंद पाकीट वर्गात आणतो, मुलांना दाखवतो, सील शाबूत असल्याबद्दल दोन मुलांच्या सह्या घेतो आणि मगच फोडतो. पाकिटात काय आहे ते त्या मुलांना ठाऊक नसतं. ते वाटेत कुणी उघडलं नाही, एवढंच ती सांगू शकतात. इथंही तसंच सील असतं. हॅशच्या यादीची जी फाइल मिंटवाले ठेवतात, तिच्याशेजारी .जीपीजी शेपटाची आणखी एक छोटी फाइल असते. ती त्या यादीवरची सही. सही करायची गुप्त चावी फक्त त्यांच्याकडे, तपासायची उघडी चावी कुणालाही मिळते. या पद्धतीचं पीजीपी हे साधन फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये लोकांच्या हाती दिलं, आणि त्याच घराण्यातलं जीपीजी हे मुक्त साधन जर्मनीच्या वेर्नर कॉख यांनी लिहिलं.

लॅपटॉपवर जीपीजी घातलं, चावी मागवली, सही तपासली. उत्तर आलं: सही चांगली आहे. आणि लगेच खाली इशारा: ही चावी विश्वासाच्या कुणीही प्रमाणित केलेली नाही, ती सांगितलेल्या मालकाचीच आहे याचा काही दाखला नाही.

मी वैतागले. "एका हातानं देतं आणि दुसऱ्या हातानं काढून घेतं हे!"

"खरं बोलतंय बाई," तो म्हणाला. "सही या चावीची आहे एवढं त्याला कळतं. चावी कुणाची ते त्याला कोण सांगणार?"

ते त्यानंच सांगितलं. कॉलेजात असल्यापासून तो मिंट वापरतो, चावी त्याच्याकडे तेव्हापासून जपलेली. चावीचा ठसा म्हणजे चाळीस अक्षरं, चार-चारांचे दहा गट. त्यानं पुण्याहून वाचायला सुरुवात केली, "दोन सात डी ई." मी माझ्या पडद्यावर बोट ठेवून "हो". "बी एक पाच सहा." "हो." दिव्यांची माळ दारात लुकलुकत होती आणि आम्ही दोघं फोनवर पाढे म्हणावेत तशी अक्षरं म्हणत होतो. बारक्या आवाजातला तो मुलगा पहिल्या बाकावर बसून नेहमी सातवा पाढा चुकायचा. दहाही गट जुळले.

मी त्याला विचारलं, तुझ्याकडची चावी तरी खरी कशावरून? तो म्हणाला, इतकी वर्षं प्रत्येक आवृत्ती तिनं उघडली, जगभरच्या हजारो माणसांकडे तीच आहे, तेवढ्यावरून. मग थोडं थांबून, "आणि बाई, तुम्ही माझा आवाज ओळखता, यावरून." यापुढे विचारण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. मी फाइल चढवली.

इन्स्टॉलचं सांगण्यासारखं फारसं नाही. भाऊबीजेनंतरच्या दोन दिवसांत नऊ मशिनं झाली, सगळी लॅपटॉपवरून बनवलेल्या पेनड्राइव्हनं, कुठंही न अडता. भाऊसाहेबांचं दहावं मशिन दोन जीबीवर खुरडत चालतं आहे आणि त्याला नवी पट्टी मिळायची आहे. खराब पट्टी माझ्या खडूच्या डबीत आहे. हेडसरांनी पहिल्या दिवशी येऊन माऊस हलवून पाहिला आणि "चालतंय ना?" एवढंच विचारलं.

सुट्टीनंतर आठवीच्या तासाला नवांचा ताळा शिकवला आणि लगेच मुलांना कॉम्प्युटर खोलीत नेलं. प्रत्येकानं फाइलीत आपलं नाव लिहायचं, शा-२५६-समची आज्ञा द्यायची, आलेला आकडा वहीत उतरवायचा. मग नावापुढे टिंब द्यायचं आणि पुन्हा. फळ्यावर मी मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: दोन वेगळ्या फाइलींचा आकडा सारखा येत नाही.

दहा मिनिटांत मागच्या मशिनवर हातघाई. "बाई, यानं माझी कॉपी केली!" दोघांची नावं वेगळी, मशिनं वेगळी, आणि दोघांच्याही वहीत तीच चौसष्ट अक्षरं, ई-तीन-बी-शून्य-सी-चार-चार-दोननं सुरू होणारी. सगळा वर्ग फळ्याकडे आणि मग माझ्याकडे बघायला लागला. मलाही क्षणभर घाम फुटला. एनएसए हरली, आमच्या आठवी ब-नं गाठलं, असं काहीतरी डोक्यात येऊन गेलं. मी दोघांना म्हटलं, फाइलीचा आकार सांगा.

शून्य बाइट. दोघांनीही नाव लिहिलं होतं, सेव्ह केलंच नव्हतं.